मेणाचा थेंब

नांदेड व लातूर या जिल्ह्यांत मुख्य रस्ता सोडून गाडीवाटेला लागावे, की दोन्ही बाजूंस काळ्या मातीची शेते पसरलेली दिसतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून बेसाल्ट खडक झाला आणि त्या खडकाची झीज होऊन ही माती बनली. कापूस, तूर व सोयाबीन या पिकांना ती मानवते. सायकलीला मात्र मुळीच मानवत नाही. पावसाळ्यात ती चाकाला चिकटून बसते, उन्हाळ्यात पिठासारखी उडते, आणि तिच्या जोडीला रस्त्यावरच्या मुरमाची बारीक कच असतेच.

अशा वाटेने शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना सायकलीचा मोठा आधार असतो. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या अनेक गरजू विद्यार्थिनींना सायकली मिळाल्या, त्या याच हेतूने. ज्या गावात वरचे वर्ग नाहीत, तेथील मुलीचे शिक्षण पुष्कळदा या दोन चाकांवर अवलंबून असते. सायकल अडली की शाळा बुडते. आणि शाळा वारंवार बुडू लागली, की घरातील माणसे ‘आता पुरे झाले शिक्षण’ असे म्हणू लागतात.

अशीच एक विद्यार्थिनी एके दिवशी सायकल हाताने ढकलीत दुरुस्तीच्या दुकानात आली. वाटेत तिची साखळी तीनदा उतरली होती.

“चाचा, मी दर आठवड्याला साखळीला भरपूर तेल घालते. तरी ती अशी का करते?” तिने विचारले.

“बेटी, भरपूर घालतेस म्हणूनच!” वृद्ध उस्ताद हसून म्हणाले. त्यांनी साखळीवरचा काळा चिखल बोटाने निपटून तिच्या तळहातावर ठेवला. “जरा चोळून पाहा. कसे लागते?”

“रेतीसारखे खरखरीत.”

“सहाणेवर चंदन झिजते ना? तशी तुझी साखळी या चिखलात रोज झिजते आहे.”

उस्तादांचे म्हणणे नीट समजण्यासाठी साखळीची रचना पाहिली पाहिजे. सायकलीच्या साखळीत शंभराहून अधिक कड्या असतात. प्रत्येक सांध्यात एक खीळ, खिळीभोवती एक नळी आणि नळीभोवती फिरणारा लहानसा रूळ असतो. या घडणीची साखळी हान्स रेनॉल्ड या स्विस वंशाच्या अभियंत्याने १८८० साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे तयार केली. पुढे १८८५ च्या सुमारास मागच्या चाकाला साखळीने गती देणारी सायकल प्रचारात आली, आणि आजच्या सायकलीचे रूप सिद्ध झाले.

साखळी दातेरी चाकावर चढताना प्रत्येक सांधा वाकतो व उतरताना सरळ होतो. चार किलोमीटरांच्या वाटेत एकेका सांध्याची अशी हालचाल सुमारे हजार वेळा होते. खरे घर्षण होते ते आत, खीळ आणि नळी यांच्यामध्ये. म्हणून वंगणाची गरज आत असते. बाहेर राहिलेल्या तेलाचा उपयोग नाही, उलट अपाय आहे. ओलसर तेलावर धूळ बसते, धूळ आणि तेल यांचा लगदा होतो आणि तोच लगदा सांध्यात शिरून पोलादाला घासतो.

उस्तादांनी पट्टी घेऊन साखळी मोजली. सायकलीच्या साखळीत एका खिळीपासून दुसऱ्या खिळीपर्यंत अर्धा इंच अंतर असते. म्हणजे २४ कड्यांची लांबी बरोबर १२ इंच भरावयास हवी. ती इंचाच्या सोळाव्या भागाने वाढली, तर साखळी बदलण्याची वेळ आली असे समजावे. येथे २४ कड्यांमागे इंचाचा आठवा भाग वाढला होता! लोक म्हणतात, साखळी ताणली गेली. परंतु पोलाद ताणले जात नाही; सांधे झिजतात. सोळावा भाग म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर. तो २४ सांध्यांत वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारी झीज माणसाच्या केसाच्या जाडीएवढीच असते. एवढ्या सूक्ष्म झिजेने सबंध साखळी निकामी होते, आणि पुढे तीच दातेरी चाकांचे दातही खाऊ लागते.

मग उपाय कोणता? चांभार शिवणीच्या दोऱ्याला मेण चोळतो, हे सर्वांनी पाहिले असेल. मेणाने दोरा गुळगुळीत होतो. साखळीसाठी हल्ली मिळणारे पातळ मेण याच गुणावर आधारलेले आहे. मेणाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात किंवा लवकर उडून जाणाऱ्या द्रवात मिसळलेले असतात. थेंब सांध्यात उतरतो, द्रव उडून जातो आणि आत मेणाचा कोरडा थर उरतो. कोरड्या थराला धूळ सहसा चिकटत नाही.

हे मेण वापरण्याची रीत सोपी आहे. मात्र ती क्रमाने पाळली पाहिजे. प्रथम साखळीवरचे जुने तेल व मळ रॉकेलने, दिव्याशेगडीपासून दूर बसून, पूर्णपणे काढावा. तेल राहिले, तर मेण धातूला धरत नाही. नंतर साखळी कोरडी करावी, बाटली चांगली हलवावी आणि पायडल हळूहळू उलटे फिरवीत प्रत्येक रुळावर एकेक थेंब सोडावा. हे काम सायंकाळी करावे व साखळी रात्रभर वाळू द्यावी. सकाळी वरचे जादा मेण फडक्याने पुसून टाकावे. मेणबत्ती वितळवून हा प्रयोग घरी करू नये. तापलेले मेण पेट घेते.

मेणाला मर्यादाही आहेत. ते साध्या तेलाहून महाग असते व प्रत्येक गावी मिळत नाही. मुसळधार पावसात ते लवकर धुऊन जाते आणि साखळी गंजू लागते. म्हणून पावसाळ्यात तेल बरे. ज्याला मेण मिळत नाही, त्यानेही निराश होऊ नये. प्रत्येक रुळावर तेलाचा एकच थेंब घालून वरचे तेल स्वच्छ पुसले, तरी साखळीचे आयुष्य पुष्कळ वाढते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. साखळी धुतलेले मळकट रॉकेल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरकरांची तहान भागविण्यासाठी मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पाण्याचे असे मोल ज्या प्रदेशाने जाणले, तेथे एक विहीर नासविणे हा मोठाच अपराध होय.

त्या विद्यार्थिनीला नवी साखळी घ्यावी लागली. खाऊसाठी साठविलेले पैसे तिने उस्तादांच्या हाती ठेवले, तेव्हा तिचा चेहरा उतरला. उस्ताद म्हणाले, “बेटी, तू आळस केला नाहीस. तू निगा राखलीस. पण ती समजून राखली नाहीस, इतकेच.”

दुसऱ्या दिवशी सायकल शाळेकडे निघाली, तेव्हा तिचा आवाज होत नव्हता.

शब्दार्थ

वंगण – घर्षण कमी करणारा पदार्थ
कच – दगडाचा बारीक चुरा
सहाण – चंदन उगाळण्याचा दगड
अपाय – नुकसान
निगा – काळजी, देखभाल

स्वाध्याय

१. भरपूर तेल घालूनही विद्यार्थिनीची साखळी का झिजली?
२. ‘साखळी ताणली गेली’ हे म्हणणे बरोबर का नाही?
३. कारणे द्या : (अ) मेण लावण्यापूर्वी जुने तेल काढावे लागते. (आ) पावसाळ्यात मेणापेक्षा तेल बरे.
४. उस्तादांच्या शेवटच्या वाक्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहा.
५. आपल्या सायकलीच्या साखळीच्या २४ कड्या पट्टीने मोजा व निष्कर्ष वहीत नोंदवा.