उस्तादांसाठी वस्तू बनवण्यापूर्वी

वेरूळच्या 34 लेण्यांपैकी दहाव्या लेण्याला लोक ‘सुतार की झोपडी’ म्हणतात. आत छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या दिसतात, पण त्या दगडात कोरलेल्या आहेत. कोरीव छताला वाशांची गरज नसते. तरीही पाथरवटांनी डोळ्यांच्या सवयीचा लाकडी घाट सोडला नाही. नवी वस्तू जुन्या सवयीला धरून असली की परकी वाटत नाही. हा धडा आम्हाला उशिरा उमगला.

शागीर्द तयार करणाऱ्या सुतार उस्तादांसाठी आम्ही एक वही काढली होती. शागिर्दाचे नाव, तारीख, कोणते काम जमले, कोणते राहिले, असे रकाने होते. पैसे कारखानदारांनी दिले. तीन महिन्यांनी पाहिले तर वह्या कोऱ्या! आधी विचारले तेव्हा सर्व उस्ताद ‘चालेल’ म्हणाले होते. पण दारात आलेल्या माणसाला तोंडावर नाही कोण म्हणतो?

मग वेरूळजवळच्या एका कारखान्यात आम्ही आठवडाभर नुसते बसलो. उस्तादांच्या हाताला सरस आणि भुसा. पेन धरणार कधी? ते बोलून कमी, हाताने जास्त शिकवत. शागिर्दाने पाडलेली खाच बोटाने चाचपून तुकडा परत देत. खरी अडचण मात्र वेगळीच होती. ‘पोराची चूक लिहिली तर मालक वाचील आणि त्याची रोजी जाईल,’ असे ते म्हणाले.

आम्ही वही बंद केली. भिंतीवर प्रत्येक शागिर्दाच्या नावाची एक दोरी टांगली. दर आठवड्याला त्याने केलेला एक सांधा, मागे पेन्सिलीने तारीख घालून, तो स्वतःच दोरीत ओवू लागला. काम सोडण्याच्या बेतात असलेल्या एका मुलाने आपला पहिला आणि आठवा तुकडा शेजारी धरून पाहिला. तो मुलगा टिकला.

यातून चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पैसे देणारा आणि वस्तू वापरणारा एकच असतो असे नाही. ‘चालेल का?’ असे न विचारता ‘काल काय शिकवले, कुठे अडले?’ असे विचारावे. तोंडापेक्षा हात पाहावेत. आणि केलेली नोंद कोणाच्या हाती पडेल, हे आधी शोधावे.

17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकामासह 18 व्यवसाय आहेत. अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आहे आणि गुरू-शिष्य परंपरा बळकट करणे हाही तिचा एक हेतू आहे. शिकवण्याच्या साधनांचा धंदा करू पाहणाऱ्यांनी भांडवल घालण्याआधी आठ दिवस उस्तादांच्या ओट्यावर बसावे. उस्तादांचे हुन्नर त्यांच्याबरोबर संपले, तर आपला माल घेणारा तरी कोण उरेल?