जुनी आज्ञावली, अनेक संगणक

फोरट्रान ही भाषा 1957 साली आली. तीत एकाच संगणकासाठी लिहिलेल्या जुन्या आज्ञावली पुण्याच्या सी-डॅकने उभारलेल्या ‘गरुड’सारख्या, गावोगावचे संगणक जोडणाऱ्या जालावर कशा चालवायच्या?

सावद्याची केळी घ्या. समजा, एका खोलीत एक गाडी केळी मावतात आणि ती 4 दिवसांत पिकतात. खोल्या 4 केल्या, तरी एक गाडी 1 दिवसात पिकणार नाही. पण 4 गाड्या 16 ऐवजी 4 दिवसांतच पिकतील.

तसेच येथे. आज्ञावली न बदलता तिच्या प्रती निरनिराळ्या संगणकांवर ठेवतात व प्रत्येकीला वेगळे आकडे देतात. मात्र संगणक बदलला की दशांश स्थळे तोडण्यातील फरकाने उत्तर बदलू शकते. म्हणून उत्तर माहीत असलेले गणित आधी सर्वत्र सोडवून पाहावे.