चित्रवाचन : फुकागावाच्या लाकूडवखारी

अहेरी तालुक्यातील मुलांना लाकडाचा डेपो समजावून द्यावा लागत नाही. आलापल्लीच्या सागाच्या थप्प्या, ओंडक्यांवरील हातोड्याचे ठसे व आकडे त्यांच्या पाहण्यातले असतात. म्हणूनच जपानी चित्रकार हिरोशिगे याचे फुकागावा येथील लाकूडवखारींचे १८५६ सालचे चित्र या मुलांपुढे ठेवणे सोयीचे आहे.

एदो शहरातील, म्हणजे आजच्या टोकियोतील, हा कालव्याचा काठ. बर्फ पडत आहे. पाण्यातील ओंडक्यांवर उभी राहून माणसे काम करीत आहेत. काठावर कुत्र्याची पिले आहेत. खाली एक उघडी पिवळी छत्री आहे, पण तिच्याखालचा मनुष्य दिसत नाही. छत्रीवरील अक्षराचा अर्थ ‘मासा’. ते प्रकाशकाच्या नावातील आद्याक्षर होय. जाहिरातीची ही रीत मोठी मौजेची!

लाकूड पाण्यात का, असे मुले विचारतीलच. उत्तर लगेच देऊ नये. प्रथम तर्क करू द्यावा. पाण्यात लाकूड वाळून तडकत नाही व जड ओंडका सहज हलविता येतो. एदो हे लाकडी घरांचे शहर होते. आगीच्या भयाने वखारी सुमिदा नदीपलीकडे हलविण्यात आल्या होत्या. १८५५ च्या भूकंपाने व त्यानंतरच्या आगींनी शहराची फार हानी झाली. चित्र पुढच्याच वर्षीचे आहे. या ओंडक्यांची वाट कोण पाहत असेल, हे मुलांस अवश्य विचारावे.

हे चित्र कुंचल्याने रंगविलेले नाही. चित्रकाराचा पातळ कागदावरील आराखडा चेरीच्या फळीवर उलटा चिकटवून कोरक्या रेषा कोरी. पुढे प्रत्येक रंगासाठी निराळा ठसा लागे. फळीवर कोरलेल्या खुणेला कागद टेकविल्यामुळे रंग जागच्या जागी बसत. छाप मारणाऱ्याचे नाव अशा चित्रांवर सहसा नसते. बर्फालाही रंग नाही. तेथे कोरा कागदच राखला आहे.

वर्गात भेंडीचा आडवा काप व हळदीचे पाणी पुरे. चाकू शिक्षकांनीच वापरावा. शाळेचा शिक्का दाखवून अक्षरे उलटी का असतात, हे विचारावे. नंतर दोन रंगांचे दोन ठसे एकाच जागी उमटवावेत. एकदा पाटीवर कोपऱ्याची खूण करून, एकदा खुणेवाचून. दुसरा ठसा किती सरकला, ते मुलांनी पट्टीने मोजावे.