टर्बो गाडीत कोणतं इंजिन ऑइल घालायचं? गॅरेज सुरू करणाऱ्यांसाठी पूर्ण धडा

व्हिडिओत वेळ कमी पडतो, कॅन हातात धरून दाखवण्यातच पाच मिनिटं जातात. म्हणून व्हिडिओत राहून गेलेलं सगळं इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा. हा धडा ऑइलचा आहे तसाच धंद्याचाही आहे.

आधी एक प्रसंग सांगतो. माझ्या बॅचला लालबागचा एक मुलगा होता. हात चांगला, बोलणं गोड. गल्लीच्या तोंडाशी छोटा गाळा भाड्याने घेऊन गॅरेज टाकलं. चार-पाच महिन्यांत बाजूच्या चाळीतला एक तरुण सेकंडहँड टर्बो पेट्रोल गाडी घेऊन आला. पहिलीच गाडी, जिवापाड जपलेली. आमच्या पठ्ठ्याने विचार केला, "मुंबईची गरमी, त्यात पॉवरफुल इंजिन, म्हणजे जाड ऑइल पाहिजे." त्याने २०डब्ल्यू-५० ओतलं. आठवड्याभरात सकाळी गाडी सुरू करताना पुढून खडखड आवाज यायला लागला. ऑइल काढून कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं भरलं, आवाज गेला. इंजिन वाचलं, पैसे याच्या खिशातून गेले. पण त्या चाळीतल्या बाकीच्या गाड्या पुन्हा कधी त्याच्याकडे आल्या नाहीत. भांडण नाही, तक्रार नाही. नुसत्या आल्या नाहीत.

त्याने फसवलं नव्हतं. त्याला माहीत नव्हतं, आणि "मला बघून सांगतो" म्हणायची लाज वाटली. आजचा धडा त्यासाठीच.

जाड ऑइलचा समज आला कुठून?

आपल्याकडच्या मेकॅनिकांची एक अख्खी पिढी कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीवर शिकली. मुंबईच्या रस्त्यावरून ती काळी-पिवळी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. त्या जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनांत भागांमधली फट मोठी असायची. तिथे जाड ऑइल चालायचं, घासलेल्या इंजिनाला ते बरंही वाटायचं. उस्तादांनी शिकवलं ते त्या गाडीसाठी बरोबरच होतं.

आजच्या टर्बो इंजिनात फटी बारीक असतात. व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा आणि चेनचा टेन्शनर बऱ्याच गाड्यांत ऑइलच्या दाबावर चालतात. बारीक वाटांतून ऑइल वेळेत पोचलं नाही की सकाळी खडखड होते. त्यात टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, आणि तो फिरतो तो ऑइलच्या पातळ थरावर. इथे "अंदाजे" हा शब्दच चालत नाही.

कॅनवरचे आकडे वाचायला शिका

समजा लिहिलंय ५डब्ल्यू-३०. यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडी. पहिला आकडा सांगतो की थंडीत ऑइल किती सहज हलतं. त्याची चाचणी ०डब्ल्यूसाठी उणे ३५ अंशांना, ५डब्ल्यूसाठी उणे ३० अंशांना आणि १०डब्ल्यूसाठी उणे २५ अंशांना होते. आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंड इंजिनात लवकर पोचतं.

तुम्ही म्हणाल, "सर, दादरला उणे ३० कधी होणार?" बरोबर. गिरगावात रात्रभर उभी राहिलेली गाडी पंचवीस-तीस अंशांवर असते. म्हणून कंपनीने ५डब्ल्यू सांगितलं असेल तर ०डब्ल्यू घेण्यासाठी गिऱ्हाइकाला जास्त पैसे मोजायला लावू नका. पण कंपनीनेच ०डब्ल्यू-२० सांगितलं असेल, तर "मुंबईत थंडी नाही" म्हणून २०डब्ल्यूवरही जाऊ नका. इंजिनाच्या वाटा त्या ऑइलच्या हिशेबाने बनवलेल्या असतात.

दुसरा आकडा गरम इंजिनाचा. १०० अंशांना ऑइल किती जाड राहतं ते तो सांगतो. ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९. ३० वरून ५० वर उडी मारली की जाडी दीडपट-पावणेदोनपट होते. आमच्या लालबागच्या मुलाने हेच केलं होतं.

जोरात पळणाऱ्या गाडीसाठी आणखी एक चाचणी महत्त्वाची आहे. १५० अंश तापमानात, जोरात रगडलं जात असताना ऑइलचा थर टिकतो का, हे त्यात पाहतात. साध्या ३० ग्रेडला त्यात किमान २.९ लागतात, ५डब्ल्यू-४०ला ३.५. युरोपियन गाड्यांसाठीच्या एसीईए सी३ वर्गात ३० ग्रेडलाही किमान ३.५ लागतात. म्हणजे दोन कॅनवर ५डब्ल्यू-३०च लिहिलंय, पण दोन्ही सारखे नाहीत. ग्रेड ही ऑइलची फक्त जाडी झाली. गुणवत्ता दुसऱ्या ओळीत असते.

ती दुसरी ओळ: एपीआय, एसीईए आणि कंपनीची मान्यता

पेट्रोल गाड्यांसाठी एपीआयचे वर्ग 'एस'पासून सुरू होतात. एसएन आला २०१०मध्ये, एसपी आला २०२०मध्ये. टर्बो आणि थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणाऱ्या इंजिनांत हा फरक मोठा आहे. अशी गाडी कमी आरपीएमला टॉप गिअरमध्ये दाबली, की कधीकधी ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटतं. जोराचा ठोका बसतो, पिस्टन फुटूसुद्धा शकतो. लालबागच्या पुलाच्या चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये रेटणारी माणसं आठवा. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटचा या प्रकाराशी संबंध आहे. म्हणून एसपी वर्गात त्याची वेगळी चाचणी आली, आणि टायमिंग चेनच्या झिजेचीही. टर्बो पेट्रोल गाडीत एसपीच्या खाली जाऊ नका.

डिझेलवाल्यांनी आणखी सावध राहायचं. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस६ लागू झालं आणि डिझेल गाड्यांत धूर गाळणारा फिल्टर आला. जुन्या प्रकारच्या ऑइलची राख त्यात साठते आणि तो तुंबतो. तिथे कमी राखेचं ऑइल लागतं, एसीईएमध्ये त्याला 'सी' वर्ग म्हणतात. ट्रकचं ऑइल बॅरलमधून काढून बीएस६ गाडीत ओतलं, तर ते गिऱ्हाइकाला फार महाग पडतं.

युरोपियन गाड्यांत कंपनीची स्वतःची मान्यता असते: फोक्सवॅगन ५०२ ००, ५०४ ००, ५०८ ००, मर्सिडीज २२९.५, २२९.५१, बीएमडब्ल्यूचं लाँगलाइफ-०१, लाँगलाइफ-०४, पोर्शेचं ए४०. इथे इंग्रजी शब्द नीट वाचा. 'अप्रूव्हल' लिहिलं असेल, तर गाडी बनवणाऱ्या कंपनीने ते ऑइल तपासून मान्य केलंय. 'मीट्स', 'सुटेबल फॉर', 'रेकमेंडेड फॉर' असं लिहिलं असेल, तर तो ऑइलवाल्याचा स्वतःचा दावा आहे. तो खोटा असेलच असं नाही, पण जबाबदारी मात्र तुमच्या डोक्यावर येते.

आणि 'फुल सिंथेटिक' पाहून भुलू नका. १९९९मध्ये अमेरिकेत कॅस्ट्रॉल आणि मोबिल यांच्यात या शब्दावरूनच वाद झाला. खनिज तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून बनवलेल्या तेलालाही सिंथेटिक म्हणता येईल, असा निकाल जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या तिथल्या संस्थेने दिला. ते तेल वाईट नसतं. मुद्दा एवढाच, की मोठ्या अक्षरातला शब्द ही जाहिरात आहे आणि मागच्या बाजूच्या बारीक अक्षरातली ओळ हे काम आहे.

"सर, बीएमडब्ल्यूत १०डब्ल्यू-६० घालतात ना?" हो, एम मालिकेतल्या काही जुन्या इंजिनांना बीएमडब्ल्यूनेच ते सांगितलं होतं. नियम तोच राहतो: त्या इंजिनाच्या पुस्तकात आहे, म्हणून घालायचं. शेजारच्या गाडीत घातलं म्हणून नाही.

मुंबईत किलोमीटर खोटं बोलतात

पुस्तकात लिहिलेलं असतं १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. आता हिशेब करा. हायवेवर सरासरी ६० च्या वेगाने १०,००० किलोमीटर म्हणजे इंजिन साधारण १६७ तास चाललं. परळ, दादर, लालबागच्या ट्रॅफिकमध्ये सरासरी २० धरा. तेच १०,००० किलोमीटर म्हणजे ५०० तास! मीटर तेवढंच, मेहनत तिप्पट.

त्यात घर ते स्टेशन, स्टेशन ते घर अशा छोट्या फेऱ्या असल्या, तर इंजिन पूर्ण तापतच नाही. न जळलेलं पेट्रोल आणि वाफेचं पाणी ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर खूश होऊ नका, ते ऑइल पातळ झालंय. बहुतेक पुस्तकांत 'कठीण परिस्थितीतला वापर' असा वेगळा तक्ता असतो. तो उघडून गिऱ्हाइकाला दाखवा. तुम्ही सांगितलेलं त्याला धंदा वाटेल, पुस्तकातलं पटेल.

आता पैशाचा हिशेब

आकडे समजण्यासाठी घेतोय, तुमच्या भागातले भाव तुम्ही घाला. समजा गाडीला ४ लिटर ऑइल लागतं. स्वस्त ऑइल लिटरला ३५० रुपयांना पडतं, त्यावर १०० सुटतात. म्हणजे गाडीमागे ४०० रुपये. योग्य ऑइल ७५० ला पडतं, त्यावर १५० सुटतात. गाडीमागे ६०० रुपये. म्हणजे बरोबर ऑइलमध्ये नफाही जास्त आहे! तरी आपण स्वस्त का घालतो? कारण गिऱ्हाइकाला जास्त बिल सांगायची भीती वाटते.

आता चूक झाली तर? ऑइल पुन्हा ३,००० रुपयांचं, फिल्टर ५०० चा, अर्धा दिवस फुकट. ३,५०० रुपये म्हणजे स्वस्त ऑइलच्या जवळपास नऊ गाड्यांचा नफा एका चुकीत गेला. आणि हा हिशेब इंजिन शाबूत राहिलं तरचा.

भांडवल कमी असेल तर काय ठेवायचं?

पहिल्या दिवशी रॅक भरू नका. महिनाभर वही ठेवा. तुमच्या गाळ्यापासून पायी दहा मिनिटांच्या टापूत कोणत्या गाड्या उभ्या असतात, कोणत्या वर्षाच्या, पेट्रोल की डिझेल, लिहून काढा. प्रत्येकीचं ऑइल पुस्तकातून शोधून समोर लिहा. दोन-तीन ग्रेड पुन्हा पुन्हा येतील. तेवढेच ठेवा. बाकीचं गाडीची वेळ ठरल्यावर आणा. ऑपेरा हाऊसचा स्पेअर पार्टचा बाजार जवळ आहे, हा आपल्या भागाचा मोठा फायदा. रॅकवर पडलेला कॅन म्हणजे झोपलेला पैसा.

माल अधिकृत वितरकाकडूनच, पक्क्या बिलावर घ्या. ऑइलवर १८ टक्के जीएसटी आहे. 'बिनबिलाचं स्वस्त देतो' म्हणणारा नक्की काय देतोय ते तुम्हाला कळायचा मार्ग नाही. रिकामे कॅन भंगारात अख्खे देऊ नका, तळाला भोक पाडून किंवा कापून द्या. अख्ख्या कॅनमध्येच बनावट ऑइल भरलं जातं. बॅरल ठेवत असाल तर पावसात उघड्यावर उभा ठेवू नका. झाकणावर पाणी साचतं आणि दिवस-रात्रीच्या गरम-थंडीने आत ओढलं जातं. बाहेर ठेवायचाच असेल तर आडवा, दोन्ही बूच एका आडव्या रेषेत येतील असा ठेवा.

काम करताना सहा पायऱ्या

१. गाडीचं पुस्तक मागा, ऑइलच्या पानाचा फोटो काढा. नसेल तर कंपनीच्या साइटवरून मॉडेल आणि वर्ष टाकून काढा. सापडेपर्यंत बोल्ट खोलू नका.
२. ग्रेड, वर्ग किंवा मान्यता, आणि किती लिटर, तिन्ही जॉब कार्डवर लिहून गिऱ्हाइकाची सही घ्या.
३. सीलबंद कॅन त्याच्यासमोर फोडा.
४. फिल्टर आणि ड्रेन प्लगचा वॉशर नवा घाला. प्लग टॉर्क रेंचने आवळा, जोर लावून नाही.
५. इंजिन चालवून बंद करा, पुस्तकात सांगितलेला वेळ थांबा, मग डिपस्टिक पाहा. जास्त भरलेलंही वाईटच.
६. बिलावर ऑइलचं पूर्ण नाव, बॅच नंबर, मीटर आणि पुढची तारीख लिहा. गाडी वॉरंटीत असेल तर हे बिल गिऱ्हाइकाच्या आणि तुमच्याही बचावाचं आहे.

काढलेलं ऑइल गटारात ओतायचं नाही. कायद्याने तो घातक कचरा आहे. वेगळ्या बंद ड्रममध्ये साठवा, प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्यालाच द्या आणि पावती फाइलला लावा. त्याचं शुद्धीकरण होऊन पुन्हा तेल बनतं.

शेवटचं

गिऱ्हाईक विचारेल, "एवढं महाग कशाला?" तेव्हा भाषण देऊ नका. फोटो दाखवा आणि म्हणा, "दादा, तुमच्या पुस्तकात हे लिहिलंय. मी याच्यापेक्षा हलकं घालणार नाही." कधी एखादा उठून जाईल. जाऊ द्या.

तो लालबागचा मुलगा आज काय करतो? गाळ्यात समोरच त्याने एक पाटी लावलीय: "पुस्तक पाहूनच ऑइल घालतो." चाळीतल्या जुन्या गाड्या परत आल्या नाहीत. पण परळच्या नव्या टॉवरमधल्या टर्बो गाड्या येतात, आणि तो कुणालाही बिनधास्त म्हणतो, "थांबा, बघून सांगतो."

गृहपाठ: आज संध्याकाळी आपल्या इमारतीखालच्या पाच गाड्या निवडा आणि प्रत्येकीची ग्रेड, वर्ग, लिटर शोधून वहीत लिहा. आठवड्यात पस्तीस गाड्या होतील. तुमच्या गॅरेजचा पहिला स्टॉक त्या वहीतूनच ठरेल. भेटू पुढच्या व्हिडिओत!