औषध घरी आणताना बाटली बदलू नका



श्रीरामपूरच्या बाजारातून फवारणीचं औषध नेताना दोन गोष्टी सर्रास होतात. एक, लिटरची बाटली दोघांत घ्यायची अन् निम्मं औषध पाण्याच्या बाटलीत ओतून न्यायचं. दुसरं, औषध आणि सरकी पेंड एकाच गोणीत टाकायची. दोन्ही बंद करा. कारण असं आहे.

*डब्याचीही परीक्षा होते*
धोकादायक माल लांब पाठवायचा असेल तर त्याचा कॅन किंवा ड्रम आधी तपासला जातो. पास झालेल्या कॅनवर वर्तुळात इंग्रजी यू आणि त्याखाली एन असा ठसा असतो. पुढे एक्स, वाय किंवा झेड हे अक्षर येतं. एक्सचा कॅन सर्वांत जास्त धोक्याच्या मालालाही चालतो, वाय मध्यम आणि कमी धोक्याच्या, तर झेड फक्त कमी धोक्याच्या. वायच्या चाचणीत भरलेला कॅन साधारण 1.2 मीटरवरून पाडतात, तरी तो गळता कामा नये. आपल्याकडे अशा चाचण्या भारतीय पॅकेजिंग संस्था करते.

हा ठसा मोठ्या कॅनवर आणि निर्यातीच्या मालावर जास्त दिसतो. लिटरच्या बाटलीवर नसला म्हणून औषध बनावट समजू नका. तिथं झाकणाचं सील आणि लेबलवरचा रंगीत चौकोन बघा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे बिनविषारी नव्हे.

*औषध ओतलं की काय जातं?*
सील जातं, नाव जातं, विषावरचा उताराही जातो, कारण तो लेबलवर आणि सोबतच्या माहितीपत्रकात लिहिलेला असतो. पाण्याच्या बाटलीतलं औषध लेकराला पाणीच वाटणार.

रिकामा डबाही तितकाच घातक. 16 जुलै 2013 ला बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत दुपारचं जेवण खाऊन 23 मुलं गेली. तपासात तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं. तेलाचा डबा आधी कीटकनाशकाचा होता.

*आणताना हे पाळा*
1. बाटली सीलबंद आणि बिलासह घ्या. निम्मंच लागत असेल तर लहान पॅक मागा.
2. बाटली उभी ठेवा, जाड पिशवीत किंवा झाकणाच्या बादलीत. बादली पुन्हा घरात वापरू नका.
3. धान्य, पेंड, भाजी, दूध यांच्यासोबत नेऊ नका. कीटकनाशक नियम 1971 प्रमाणेही खाण्याच्या वस्तूंशी आणि चाऱ्याशी औषधाचा संपर्क होता कामा नये.
4. सांडलं तर पाणी मारू नका. हातमोजे घालून माती किंवा वाळू टाका, गोळा करा. पाटात, विहिरीजवळ टाकू नका.
5. रिकामी बाटली तीनदा विसळा, ते पाणी पंपातच ओता. मग बाटलीला भोकं पाडा.

अंगावर सांडलं तर कपडे काढा, साबणानं भरपूर धुवा. पोटात गेलं तर स्वतःहून उलटी करवू नका. 108 ला फोन करा आणि *मूळ बाटली दवाखान्यात सोबत न्या*. कोणतं विष आहे हे डॉक्टरांना त्या लेबलवरूनच लवकर कळतं.

घरात बिनलेबलची बाटली असेल तर वास घेऊन ओळखायला जाऊ नका. कुलपात ठेवा आणि आम्हाला कळवा.

हा मेसेज घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

– कृषी सल्लागार, श्रीरामपूर