संस्थेचे दप्तर आणि ‘टार’चे गाठोडे

संस्थांच्या जुन्या वह्या, सभावृत्ते व देणगीदारांच्या याद्या यांची छायाचित्रे आता संगणकात येऊ लागली आहेत. एकेका वहीची दोन-दोनशे चित्रे. नक्कल करताना त्यांतील एखादे गळाले तर कोणास कळावयाचे? म्हणून सुटे कागद न पाठविता गाठोडे बांधावे. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद रुमालांत बांधलेले असतात, तसाच संगणकातील रुमाल म्हणजे ‘टार’.

हे नाव ‘टेप आर्काइव्ह’ या शब्दांवरून पडले. चुंबकीय फितींवर दप्तर उतरविण्यासाठी १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ते आले. लिनक्स व मॅकवर ते असतेच. विंडोजमध्ये २०१८ पासून मिळू लागले. त्याला चित्रे वा बटणे नाहीत. काळ्या खिडकीत आज्ञा टंकावी लागते, अर्थात रोमन लिपीतील लहान अक्षरांत.

‘वह्या’ नावाचा फोल्डर जेथे आहे तेथे जाऊन ‘टार -सीएफ वह्या.टार वह्या’ अशी आज्ञा द्यावी. ‘सी’ म्हणजे बांध. ‘एफ’च्या लगेच पुढे गाठोड्याचे नाव. हा क्रम विद्यार्थ्यांकडून आम्ही घोकून घेतो, आणि तेवढ्याला कारण आहे. गाठोड्याचे नाव विसरून कोणी ‘टार -सीएफ सभा.पीडीएफ हिशेब.पीडीएफ’ असे टंकले, तर ‘सभा.पीडीएफ’ हेच गाठोड्याचे नाव समजले जाते, सभावृत्त पुसले जाते आणि त्या जागी हिशेबाचे गाठोडे बसते. टार एका शब्दानेही विचारीत नाही!

बांधणे निराळे आणि दाबणे निराळे. ‘झेड’ हे अक्षर जोडल्यास गाठोडे दाबले जाते. साध्या मजकुराची जागा त्याने पुष्कळ वाचते. जेपीईजी चित्रे मात्र आधीच दाबलेली असतात, त्यामुळे तेथे लाभ नगण्य. शिवाय दाबलेले गाठोडे मध्येच बिघडले तर पुढचे सारे बहुधा हातचे जाते. साध्या गाठोड्यात प्रत्येक फाइलीपुढे ५१२ बाइटांची स्वतंत्र पाटी असते, म्हणून बिघडलेला भाग सोडून बाकीचे वाचविता येण्याची आशा राहते. वह्यांच्या चित्रांसाठी आम्ही साधेच बांधू.

‘टार -टीएफ वह्या.टार’ म्हटले की आतील नावांची यादी येते. ओळी मोजाव्या, फोल्डराच्या नावाची एक ओळ असते, ती वजा करावी. परंतु यादी जुळली एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. पाटी शाबूत असून आतले चित्र बिघडलेले असू शकते. याकरिता एक नवा, रिकामा फोल्डर करून गाठोड्याची नक्कल त्यात ठेवावी व तेथे ‘टार -एक्सएफ वह्या.टार’ या आज्ञेने ते सोडावे. रिकामा एवढ्यासाठी की, त्याच नावाची फाइल आधी असली तर तिच्यावर नवी बसते. मग प्रत्येक वहीतील पहिले, मधले व शेवटचे पान उघडून पाहावे, आणि तोवर मूळ चित्रांना हात लावू नये.