ताकाची रवी आणि पेनिसिलिनची टाकी



घरी आई रवीने ताक घुसळते, तेव्हा लोणी वर येते. आज आपण एका फार मोठ्या रवीची ओळख करून घेऊ. ही रवी विजेवर फिरते, तिचे भांडे पोलादाचे असते आणि त्यातून लोणी नव्हे, तर औषध मिळते. या भांड्याला बायोरिअ‍ॅक्टर म्हणतात.

शोध लागला, पण औषध पुरले नाही

१९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना दिसले की, पेनिसिलियम नावाच्या बुरशीभोवती रोगजंतू वाढत नाहीत. पुढे ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि चेन यांनी त्या बुरशीतले औषध वेगळे केले. फेब्रुवारी १९४१ मध्ये ते अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला टोचले. त्याला उतार पडू लागला. पण साठा संपत आला. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून वापरले, तेही संपले. मार्चमध्ये तो दगावला.

औषध ठाऊक होते, पण पुरेसे नव्हते. कारण बुरशी उथळ भांड्यांत, द्रवाच्या वरच्या थरावरच वाढवली जात होती. भांडी शेकडो आणि औषध चिमूटभर! मग तिला खोल टाकीत बुडवून वाढवण्याची युक्ती निघाली. १९४४ मध्ये अमेरिकेत अशा टाक्यांतून मोठ्या प्रमाणावर पेनिसिलिन मिळू लागले.

टाकीचे काम

बुरशीला श्वास घ्यावा लागतो. पण एक लिटर पाण्यात जेमतेम ७-८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. भरगच्च वाढलेली बुरशी तो मिनिटाच्या आत संपवते. म्हणून टाकीच्या तळातून जंतुविरहित हवा सोडतात. मधल्या दांड्यावरची पाती फिरून हवेचे मोठे बुडबुडे फोडतात. बुडबुडे जितके बारीक, तितका प्राणवायू लवकर विरघळतो.

पातेल्यात चमचा गोल फिरवला की नुसता भोवरा होतो. तसे होऊ नये म्हणून टाकीच्या आतल्या भिंतीला उभ्या पट्ट्या बसवतात. वाढणारी बुरशी उष्णता सोडते, म्हणून थंड पाणी फिरवून तापमान सुमारे २५ अंशांवर राखतात. काम सुरू करण्याआधी टाकी १२१ अंशांच्या वाफेने निर्जंतुक करतात. एक परका जंतू शिरला, तरी सगळा घाणा वाया जाऊ शकतो.

पिंपरीची टाकी

आपल्या देशात हे काम पुण्याजवळ पिंपरी येथे सुरू झाले. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मदत केली आणि १९५५ मध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागले. तेथील शास्त्रज्ञांनी बुरशीच्या रोगांवर हॅमायसिन हे नवे औषधही शोधले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळते, त्याचे नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. गावाचे नाव असे विज्ञानात गेले!

पुढे बाहेरून स्वस्त कच्चे पेनिसिलिन येऊ लागले आणि देशातल्या टाक्या थंडावल्या. २०२४ मध्ये आंध्रातील काकीनाडा येथे पुन्हा मोठ्या कारखान्याचे उद्घाटन झाले. हातचे काम सोडणे सोपे असते, ते पुन्हा उभे करणे फार अवघड, हे पालकांनी आणि विश्वस्तांनीही ध्यानात घ्यावे असे आम्हांला वाटते.

आपल्या राज्यात बेंगळुरूच्या बायोकॉनने २००४ मध्ये यीस्टकडून तयार करवून घेतलेले इन्सुलिन बाजारात आणले. म्हणजे टाकी तीच, कामगार जीव वेगळा. आपल्या बीदर जिल्ह्यातला ऊस, त्याची मळी आणि मळीपासून होणारे अल्कोहोल, यांमागेही हेच किण्वनाचे शास्त्र आहे.

विचार करा

१. अल्कोहोल बनवताना टाकीत सतत हवा का सोडत नाहीत?
२. पाती फारच वेगाने फिरवली, तर बुरशीच्या नाजूक तंतूंचे काय होईल?

उत्तरे वहीत लिहून विज्ञानाच्या तासाला आणा. आपण मिळून तपासू.